अंदाजाचे बिल, रोखीची वसुली

मध्यमवर्गीय घराचा महिन्याचा खर्च बहुतांशी आधी ठरलेला असतो. दुधाचा हिशेब गृहिणीच्या वहीत असतो, मुलांच्या शाळेची फी वर्षारंभीच कळते, घराच्या कर्जाचा हप्ता बँकेने वीस वीस वर्षांपुरता बांधून दिलेला असतो आणि सोसायटीची वर्गणी सर्वसाधारण सभेत वादावादी होऊन का होईना, पण डोळ्यांदेखत ठरते. विजेचे बिल मात्र या शिस्तीत बसत नाही. वस्तू आधी वापरायची, तिचे मोजमाप दुसऱ्याने करायचे, तिचा भाव तिसऱ्याने ठरवायचा आणि रक्कम शेवटी आपल्याला कळायची, असा हा एकमेव व्यवहार आहे. अशा व्यवहाराचा सगळा डोलारा विश्वासावर उभा असतो. म्हणूनच अंधेरीच्या, बोरिवलीच्या किंवा घाटकोपरच्या एखाद्या घरात नेहमीच्या दुप्पट-तिप्पट बिल येऊन पडते, तेव्हा त्या घराचे केवळ अंदाजपत्रक कोसळत नाही. मोजणाऱ्यावरचा विश्वासही ढासळतो. पैशांची भरपाई पुढच्या महिन्यात होऊ शकते, पण विश्वासाची होत नाही.

असे बिल हाती पडले की आपल्याकडील गृहस्थ तीनपैकी एक मार्ग पत्करतो. कोणी कटकट नको म्हणून मुकाट्याने पैसे भरतो. कोणी संतापून, ‘एक पै देणार नाही’ अशी प्रतिज्ञा करतो. कोणी बिल टेबलाच्या खणात टाकतो आणि ते आपोआप विरघळून जाईल अशी आशा करीत बसतो. आमच्या मते हे तिन्ही मार्ग चुकीचे आहेत. पहिल्याने अन्याय पचतो, दुसऱ्याने वीज तुटते आणि तिसऱ्याने थकबाकीवर व्याज चढते. चौथा मार्ग कष्टाचा आहे खरा. पण तोच नागरिकाला शोभणारा आहे. आधी बिल वाचावे, मग हिशेब मांडावा आणि त्यानंतर कायद्याचे बोट धरून भांडावे.

मुंबईच्या उपनगरांना या प्रश्नाचा मोठा अनुभव गेल्या काही वर्षांत दोनदा आला. २९ ऑगस्ट २०१८ रोजी उपनगरांतील वीजवितरणाचा व्यवसाय रिलायन्सकडून अदानी समूहाकडे गेला. त्याच सप्टेंबरमध्ये राज्य वीज नियामक आयोगाने मंजूर केलेले सुधारित दर लागू झाले आणि पाठोपाठ ऑक्टोबरचा उन्हाळा आला. त्यात मीटरवाचनात खंड पडून अनेकांना अंदाजाची बिले गेली. कंपनी नवी, दर नवे, ऊन तेच आणि बिल फुगलेले. तेव्हा लोकांनी साऱ्याचा दोष नव्या मालकाला दिला यात नवल नव्हते. ओरड इतकी वाढली की आयोगाला स्वतःहून दखल घ्यावी लागली आणि वस्तुस्थिती तपासण्यासाठी समिती नेमावी लागली.

दुसरा अनुभव २०२० चा. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस टाळेबंदी आली आणि घरोघर जाऊन मीटर वाचणे थांबले. आयोगाने वीज कंपन्यांना सरासरीवरून बिले काढण्याची मुभा दिली. ती देण्यावाचून गत्यंतरही नव्हते. रोगाच्या साथीत मीटरवाचकाला जिन्याखालच्या मीटरपेटीपाशी पाठवावे, असे कोणीही शहाणा म्हणाला नसता. प्रश्न होता तो सरासरी कोणत्या महिन्यांची, हा. ती धरली गेली डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी या हिवाळ्याच्या महिन्यांची. म्हणजे पंखे मंद असतात, वातानुकूलन यंत्रे झाकलेली असतात आणि माणसे दिवसभर कचेरीत असतात, त्या दिवसांच्या मापाने एप्रिल आणि मे मोजले गेले. आणि ते एप्रिल-मे तरी कसे? घरातील सर्व माणसे चोवीस तास घरात, मुलांची शाळा पडद्यावर, वडिलांची कचेरी जेवणाच्या टेबलावर आणि बाहेर मुंबईचा उकाडा. जूनमध्ये मीटर पुन्हा वाचले गेले, तेव्हा तीन महिन्यांची तूट एकाच बिलात येऊन आदळली. तीही अशा वेळी की, अनेकांचे पगार कापले गेले होते आणि कित्येकांचे बंदच झाले होते.

हा प्रकार आकड्यांत समजून घेणे आवश्यक आहे, म्हणून हिशेबापुरते एक उदाहरण घेऊ. एखाद्या कुटुंबाचा हिवाळ्यातील वापर महिन्याला १०० युनिट आहे असे माना. मार्च, एप्रिल व मे या प्रत्येक महिन्यात त्याने प्रत्यक्षात २२० युनिट वापरले आणि जूनमध्ये २००. सरासरीमुळे त्याला पहिल्या तीन महिन्यांत दरमहा १०० युनिटांचेच बिल गेले. प्रत्यक्ष वापर ६६० युनिटांचा, पैसे भरले ३०० युनिटांचे. बाकी राहिली ३६०. ती जूनच्या २०० मध्ये मिळवली की बिलावर ५६० युनिट दिसतात. ज्याला १०० पाहण्याची सवय आहे, त्याला ५६० पाहून भोवळ येणारच. तरीही यात एकही युनिट खोटे नाही. चूक मोजमापाची नसून सरासरीच्या निवडीची आहे.

पण हिशेब येथे संपत नाही, खरा मुद्दा येथे सुरू होतो. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिली १०० युनिटे सर्वांत स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग आणि ५०० च्या पुढे सर्वांत महाग. वरच्या उदाहरणातील कुटुंबाने कोणत्याही महिन्यात ३०० ची पायरी ओलांडलेली नाही. तेव्हा त्या ५६० युनिटांपैकी एकही युनिट तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्याच्या दराने आकारले जाता कामा नये. जूनची पहिली १०० युनिटे पहिल्या टप्प्यात आणि उरलेली सगळी, म्हणजे ४६०, दुसऱ्या टप्प्यात, असा त्याचा न्याय्य हिशेब होतो. हीच ५६० युनिटे एकाच महिन्याची समजली, तर मात्र २०० युनिटे तिसऱ्या आणि ६० चौथ्या टप्प्यात जाऊन बसतील आणि ग्राहकाला न केलेल्या उधळपट्टीचा दंड भरावा लागेल. महिन्यांची विभागणी करून टप्प्यांचा लाभ दिला आहे, असे त्या वेळी कंपन्यांनी सांगितले. तो दिला असेलही. परंतु दिला की नाही, हे ज्याला पैसे भरायचे आहेत त्याला बिलावरून सहज पडताळता येत नसेल, तर नुसत्या आश्वासनाने त्याचे समाधान कसे व्हावे? न्याय झाला एवढे पुरत नाही, तो झालेला दिसावाही लागतो.

त्या वर्षी आरडाओरड पुष्कळ झाली. चित्रपटसृष्टीतील नामवंतांनी आपली बिले जाहीर केली, म्हणून ती बातमी झाली. चाळीतल्या आणि दोन खोल्यांच्या घरातल्या माणसाची तक्रार तीच होती, पण तिला मथळा मिळाला नाही. आयोगाने कंपन्यांना बजावले की, बिल नेहमीच्या दुपटीहून अधिक असेल तर ते तीन हप्त्यांत भरू द्यावे आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत वीज तोडू नये. प्रकरण उच्च न्यायालयापुढे गेले, तेव्हा न्यायालयाने तक्रारदारांना तक्रारनिवारणाच्या ठरलेल्या यंत्रणेकडे जाण्यास सांगितले. सरकारचे वर्तन मात्र शोभादायक नव्हते. दिवाळीपूर्वी सवलतीची आशा दाखवण्यात आली आणि दिवाळी सरताच, नोव्हेंबर २०२० मध्ये, वापरलेल्या विजेचे पैसे भरलेच पाहिजेत असे ऊर्जामंत्र्यांनी सांगून टाकले. मग विरोधकांनी बिलांच्या होळ्या केल्या. आमचे म्हणणे असे की, सवलत द्यायची नसेल तर पहिल्याच दिवशी तसे सांगावे. आशेवर थांबलेल्या माणसाची थकबाकी दर महिन्याला वाढत असते, आणि त्याच्या त्या वाढीव ओझ्याला आश्वासन देणाराच जबाबदार असतो. बिलाच्या होळीनेही काही साधत नाही. कागद जळतो, मीटर चालूच राहते.

उपनगरांच्या नागरिकाची अडचण आणखी एका कारणाने वाढते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून मुलुंडला जाणारी लोकल तासाभरात तीन वीजराज्यांतून जाते. शीवपर्यंत बेस्टचा अंमल, पुढे कुर्ला-घाटकोपरला अदानी आणि भांडुप-मुलुंडला महावितरण. तीन पुरवठादार, तीन दरपत्रके, तीन प्रकारची बिले. त्यातून उपनगरांतील मोठ्या भागात टाटा पॉवरकडून वीज घेण्याचीही सोय आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कंपनीचा किरकोळ ग्राहकांना वीज पुरवण्याचा हक्क मान्य केला, त्याचे हे फळ. तेव्हा दादरच्या मेहुण्याचे बिल बोरिवलीच्या बिलाशेजारी ठेवून ‘त्यांना कमी, आम्हांला जास्त’ असा निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे. १९२९ साली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी स्थापन झाली, तेव्हा अंधेरी-बोरिवलीकडे वाड्या, शेते आणि विरळ वस्ती होती. ती कंपनी पुढे रिलायन्सकडे आणि तेथून अदानीकडे गेली. पाट्या बदलल्या; घरात येणारी तार एकच राहिली. जेथे तार एक आहे आणि ग्राहकाला सहजासहजी दुसऱ्या दुकानात जाता येत नाही, तेथे दुकानदारावर कडक देखरेख लागते. १९९९ साली राज्य वीज नियामक आयोग स्थापन झाला तो या देखरेखीसाठी. कंपन्यांच्या मागण्यांवर शिक्का मारण्यासाठी नव्हे.

आता ज्याच्या हाती असे बिल आजच पडले आहे, त्याने काय करावे? प्रथम रकमेकडे न पाहता रीडिंगकडे पाहावे. बिलावरील मीटरचा क्रमांक आणि मीटरवरील क्रमांक एकच आहेत ना, हे जिन्याखाली जाऊन पाहावे. पन्नास मीटरांच्या पेटीत अदलाबदल होणे अशक्य नाही. चालू रीडिंग मीटरवरील आकड्याशी जुळते का, मागील रीडिंग मागच्या बिलाशी जुळते का, बिल प्रत्यक्ष वाचनाचे आहे की सरासरीचे आणि ते किती दिवसांचे आहे, हे चार प्रश्न विचारले की निम्मे कोडे सुटते. मग युनिटांची तुलना मागच्या महिन्याशी न करता गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. युनिट वाढले नसतील आणि रक्कम वाढली असेल, तर कारण दरात, इंधन समायोजन आकारात, थकबाकीत किंवा सुरक्षा ठेवीच्या मागणीत शोधावे. ठेव म्हणजे खर्च नव्हे. तिच्यावर व्याज मिळते, ते बिलात जमा होते की नाही तेवढे पाहावे.

युनिटच वाढले असतील, तर घराकडे निःपक्षपाती नजरेने पाहण्याचे धैर्य हवे. एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते, एवढे गणित शाळेतल्या मुलालाही येते. जुन्या धाटणीचा ७५ वॉटचा पंखा रोज १२ तास फिरला तर महिन्याला २७ युनिट खातो. तीन पंखे ८१ युनिट. तेच काम नव्या प्रकारचा सुमारे ३० वॉटचा पंखा ११ युनिटांत करतो. दोन हजार वॉटचा गीझर रोज अर्धा तास म्हणजे महिन्याला ३० युनिट. आणि दीड हजार वॉट ओढणाऱ्या वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर रात्री एकूण चार तास चालला, तरी रोजची ६ युनिटे आणि महिन्याची १८० होतात. हे एकच यंत्र कुटुंबाला खालच्या टप्प्यातून उचलून वरच्या टप्प्यात बसवू शकते. ते वापरू नये असे आम्ही म्हणत नाही; मुंबईच्या मे महिन्यात आजारी वृद्धाला किंवा तान्ह्या मुलाला ती चैन नसून गरज असते. परंतु वापरणाऱ्याला त्याचा भाव ठाऊक असावा. घरातील सगळी बटणे बंद करूनही मीटर पुढे सरकत असेल, तर मात्र तारांत गळती आहे किंवा आपल्या विजेवर दुसरे कोणी पोसले जात आहे. तेव्हा जाणता वीजतंत्री बोलवावा आणि कंपनीला लेखी कळवावे.

एवढे करूनही बिल पटत नसेल, तर तक्रार लेखीच करावी. दूरध्वनीवरील गोड आवाजाचा पुरावा होत नाही. अर्जाच्या पोचपावतीचा होतो. मीटर तपासून मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. कंपनीकडून समाधान झाले नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. ही दारे २००३ च्या वीज कायद्याने उघडून ठेवली आहेत आणि तेथे वकिलावाचून जाता येते. वीज तुटण्याच्या भीतीने लोक अनेकदा अन्याय्य बिलही भरतात. त्यांनी त्याच कायद्याचे ५६ वे कलम माहीत करून घ्यावे. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. आणि ग्राहकाने निषेध नोंदवून मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. ‘निषेध नोंदवून’ हे दोन शब्द फार मोलाचे आहेत. मुकाट्याने भरणे आणि निषेधासह भरणे यांत कबुली आणि हक्क यांच्याएवढे अंतर आहे. दोन वर्षांपूर्वीची, मधल्या बिलांत सतत न दाखवलेली थकबाकी एकाएकी उकरून काढून तिच्यापोटी वीज तोडता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. वसुलीचे इतर कायदेशीर मार्ग कंपनीला मोकळे असतात. अंधाराची धमकी मात्र देता येत नाही.

कंपन्यांची बाजू आम्ही नाकारीत नाही. त्यांना वीज विकत घ्यावी लागते, कोळशाचा भाव त्यांच्या हाती नसतो, तारा आणि उपकेंद्रे राखावी लागतात, आणि फुकट मिळालेल्या विजेचा भार शेवटी प्रामाणिक ग्राहकावरच पडतो. वापरलेल्या विजेचा दाम मोजलाच पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. पण ज्याच्या हाती मोजमाप आहे, त्याच्यावर अधिक सभ्यतेची जबाबदारी येते. किराणा दुकानदारही नेहमीच्या गिऱ्हाइकाने एकदम पाच पट साखर मागितली तर, ‘घरी काही कार्य आहे का?’ असे विचारतो. एवढ्या मोठ्या कंपनीला, वर्षानुवर्षे १०० युनिट वापरणाऱ्या घराचे ५६० युनिटांचे बिल पाठवताना एक प्रश्न विचारावासा वाटू नये?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. अंदाजाचे बिल काढणे अटळ असेल, तेव्हा आधार गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांचा घ्यावा. हिवाळ्याने उन्हाळा मोजू नये. बिल नेहमीच्या दुपटीवर गेले, तर ते पाठवण्यापूर्वी रीडिंग पुन्हा तपासावे आणि ग्राहकाला आगाऊ कळवावे. अनेक महिन्यांचा वापर एकत्र आला असेल, तर महिनावार विभागणी आणि टप्पे बिलावरच, मराठीत आणि वाचता येतील अशा अक्षरांत छापावेत. हप्त्यांची सोय अर्जविनंत्यांवर न ठेवता बिलावरच असावी. आणि निषेधासह भरण्याचा जो हक्क कायद्याने दिला आहे, त्याची माहिती वीज तोडण्याच्या सूचनेतच छापली जावी. यांतील एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. आयोगाचा एक आदेश आणि त्याच्या अंमलबजावणीची इच्छा पुरेशी आहे.

हे अगत्याने सांगण्याचे कारण म्हणजे आता स्मार्ट मीटर घरोघर येत आहेत. सामान्य ग्राहकाला आधी पैसे भरायला लावणारे मीटर बसवले जाणार नाहीत, असे राज्य सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केले. पण दुरून वाचले जाणारे मीटर बसवण्याचे काम पुढे चालू राहिले आहे. या मीटरचा एक लाभ निःसंशय आहे. माणूस जिन्यापर्यंत न येताही ते वाचले जाते, आणि मग २०२० सारख्या अंदाजाला सबब उरत नाही. मात्र मीटर शहाणे झाले म्हणून बिल आपोआप शहाणे होत नाही. जुने मीटर काढताना त्याचे शेवटचे रीडिंग ग्राहकासमोर लिहून त्याला त्याची प्रत मिळाली नाही, तर नव्या यंत्राची सुरुवात जुन्याच संशयाने होईल. ग्राहकानेही ते रीडिंग मागून घ्यावे आणि जपून ठेवावे.

दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला खाली जाऊन मीटरचा आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयात टिपून ठेवावा, एवढेच आमचे वाचकांना सांगणे आहे. याला दोन मिनिटे लागतात. बारा महिन्यांनी ज्याच्यापाशी असे बारा आकडे असतील, त्याच्याशी बोलताना कचेरीतल्या अधिकाऱ्याचा सूर बदललेला दिसेल. एकेका सोसायटीने हे काम सामुदायिक रीतीने केले, तर मंचापुढे एकट्यादुकट्या तक्रारदाराऐवजी पन्नास घरांचा हिशेब उभा राहील. ज्या दिवशी उपनगरांतला ग्राहक आपले माप आपण ठेवू लागेल, त्या दिवसापासून दुसऱ्याच्या अंदाजावर त्याच्या खिशातून रोख वसुली करणे कोणालाही जड जाईल.